थंडीत कात्रजचे प्राणी काय करतात?

पारिजात | १६ डिसेंबर, रात्री ९.४०
काल लेकीला घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले होते. ती दुसरीत आहे. गेले पंधरा दिवस पुण्यात चांगलाच गारठा पडलाय. गर्दी टाळायची म्हणून आम्ही गेट उघडल्या उघडल्या आत शिरलो, तर सगळं उद्यान अजून उठायचंच होतं.

अस्वल खडकाला पाठ टेकून बसलं होतं. पुढचा एक पंजा तोंडाशी धरून तळवा चोखत होतं आणि घशातून एकसारखा घूंऽऽ असा आवाज काढत होतं, अगदी भुंग्यासारखा. नाकातून निघणारी वाफ दिसत होती. दहा मिनिटं तेवढंच चाललं होतं. लेक म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय अस्वल थंडीभर झोपतं. मग हे जागं का?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढे सर्पोद्यानात अजगर होता, वेटोळं घालून, डोकं मधोमध ठेवून. आम्ही बाकीचे साप बघून अर्ध्या तासानं परत आलो तरी तसाच. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "थंडीत खात नाही तो. म्हणून देतच नाहीत." ऐकून पोटात कालवलं. आणि मोर होता, पण पिसाराच नाही! लेकीला वाटलं, कुणीतरी पिसं उपटली.

मला खरंच जाणून घ्यायचंय. थंडीत या प्राण्यांचं काय होतं? त्यांना ऊब कशी देतात? आणि अजगराला उपाशी ठेवणं बरोबर आहे का? प्राण्यांबरोबर काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. लेकीला उत्तर द्यायचंय.

डोंगरवेडा | १६ डिसेंबर, रात्री १०.०५
मोराचं मी सांगतो. कुणी पिसं उपटली नाहीत. पावसाळा संपता संपता मोर पिसारा गाळतो आणि थंडीभर नवा उगवत असतो. आत्ता बघाल तर शेपटीवर आखूड पिसं दिसतील. उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्ण पिसारा येतो. लेकीला सांगा, कपडे शिवायला टाकलेत.

नुसताच_वाचक | १६ डिसेंबर, रात्री १०.१२
अस्वलाला शाळा नाही, म्हणून ते सावकाश उठतं. माझ्या मुलानं दिलेलं उत्तर आहे.

पशुवैद्य_विदर्भ | १६ डिसेंबर, रात्री ११.३०
पारिजातताई, आधी अजगराची काळजी सोडा. त्याला खायला न देणं हीच या दिवसांत त्याची सगळ्यात मोठी काळजी आहे.

आपण जेवलो की पचवायची ऊब शरीर स्वतः तयार करतं. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. भक्ष्य गिळल्यावर पचवायला त्याला साधारण तीस अंशांच्या आसपास तापमान लागतं. रात्री पारा नऊ-दहावर आला की पचन जवळपास थांबतं. मग गिळलेला उंदीर किंवा कोंबडी पोटातच कुजायला लागते. नशीब असेल तर साप ती ओकून टाकतो, नसेल तर मरतो. म्हणून थंडी पडायच्या आधी खाणं हळूहळू कमी करतात आणि मग बंद करतात. पाणी मात्र रोज ताजं ठेवायचं. निरोगी मोठा अजगर काही महिने सहज निभावतो. अधूनमधून वजन करून बघतात, आणि त्यात फारसा फरक पडत नाही हे बघून नवीन माणूस चकित होतो.

खरी काळजी कधी करायची, तेही सांगतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे दिसत असतील, मान वर ताणून धरत असेल तर त्याला फुप्फुसाचा संसर्ग झालेला असू शकतो. नुसतं वेटोळं घालून पडणं हा आजार नाही. वेटोळ्यात अंगाचा कमीत कमी भाग हवेला लागतो, म्हणजे ऊब टिकते. आपण पाय पोटाशी घेऊन झोपतो, तसंच.

कासवगती | १७ डिसेंबर, सकाळी ७.५०
डॉक्टर, विषय थोडा भरकटवते, माफ करा. आमच्याकडे घरी लाल कानाचं पाण्यातलं कासव आहे, मुलाला वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं. आठ दिवस झाले, काही खात नाही. तेही थंडीमुळेच का?

पशुवैद्य_विदर्भ | १७ डिसेंबर, सकाळी ८.२५
बहुतेक तेच. पाणी गार पडलं की ते खाणं सोडतं. पाण्याचं तापमान मोजा, दिवसा ऊन लागेल अशी कोरडी जागा द्या आणि जवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. एक हात जोडून विनंती, नको झालं म्हणून ते कधीही तळ्यात किंवा नदीत सोडू नका. हे परदेशी कासव आपल्या कासवांच्या जिवावर उठतं. आणि कुणाकडे पाठीवर चांदण्या असलेलं आपलं कासव असेल, तर ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाला कळवा.

जुना_पेशवेपार्क | १७ डिसेंबर, सकाळी ९.१५
धागा वाचून जुने दिवस आठवले. आम्ही सारसबागेजवळ राहायचो. प्राणिसंग्रहालय तेव्हा पेशवे पार्कात होतं. तिथल्या फुलराणी या छोट्या झुकझुकगाडीत दोन फेऱ्या मारायच्या आणि मग वाघ बघायला जायचं, हा आमचा रविवार. थंडीत संध्याकाळी पिंजऱ्यांवर गोणपाटाचे पडदे सोडलेले असायचे. ते वरून गुंडाळून ठेवलेले असत. एक काका काठीनं दोरी सोडत आणि पडदा धप्पकन खाली येई. तो आवाज आला की प्राणी झोपायला निघाले असं आम्ही समजायचो. पुढे १९९९ साली सगळं कात्रजला मोठ्या जागेत हलवलं. सर्पोद्यान तिथे आधीपासून होतं, १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केलेलं.

वडील सांगत, पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर उतरला होता. हल्लीची थंडी त्यामानानं काहीच नाही.

रोखठोक_राजा | १७ डिसेंबर, सकाळी १०.४०
मला एक कळत नाही. जंगलात कोण हीटर लावतं? ताडोब्यातल्या वाघाला कोण गोणपाट बांधतं? प्राण्यांना निसर्गानं कातडं दिलंय, केस दिलेत. दर डिसेंबरात वर्तमानपत्रात वाघापुढे हीटर लावलेला फोटो येतो. हे लाड प्राण्याला नाजूक करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

पशुवैद्य_विदर्भ | १७ डिसेंबर, दुपारी १.२०
राजाभाऊ, प्रश्न रास्त आहे. पण ताडोब्यातल्या वाघाकडे एक गोष्ट आहे, ती पिंजऱ्यातल्या वाघाकडे नाही. जागा निवडायची मुभा. वारा सुटला तर तो बांबूच्या जाळीत शिरतो, सकाळी उन्हाच्या वाटेवर येऊन पडतो, दुपारी ओढ्याच्या गारव्याला जातो. पिंजऱ्यात वारा उत्तरेकडून येत असेल आणि तिकडे नुसत्या सळ्या असतील, तर तो जाणार कुठे?

म्हणून आमच्या कामात पहिला धडा असतो, एक ऊबदार कोपरा आणि एक गार कोपरा द्या, आणि कुठे बसायचं ते प्राण्यावर सोडा. हीटर हा त्यातला शेवटचा उपाय. त्याआधी वाऱ्याच्या बाजूला तट्टे बांधायचे, फरशीवर लाकडी फळ्यांचा ओटा टाकायचा म्हणजे पोटाला सिमेंटचा गारवा लागत नाही, सुका पेंढा अंथरायचा आणि तो ओला झाला की त्याच दिवशी बदलायचा. म्हातारे, आजारी आणि पिल्लं यांना मात्र हीटर लागतोच.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता. त्या रात्री मी एका म्हाताऱ्या बिबट्याजवळ होतो. सांधे इतके आखडले होते की त्याला ओट्यावर चढता येईना. आम्ही पेंढा ओट्यावरून काढून खाली जाडसर पसरला. तो आधी हुंगत बसला, मग तीनदा गोल फिरला आणि पेंढ्यात नाक खुपसून झोपला. लाड म्हणा हवं तर. मला त्यात चुकीचं काही वाटत नाही.

रोखठोक_राजा | १७ डिसेंबर, दुपारी २.०५
निवडीचा मुद्दा पटला, डॉक्टर. असा विचार केला नव्हता.

बांधावरचा | १७ डिसेंबर, दुपारी ३.३०
हरणं, सांबर, गवा यांचं काय करतात हे कुणी लिहिलं नाही. आमच्या गोठ्यावरून सांगतो. थंडीत आम्ही जनावरांना कडबा वाढवतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबते, तेव्हा ऊब निघते. पोटातली शेगडीच ती. हिरवा चारा लवकर जिरतो, सुकी वैरण रात्रभर जळत राहते. पहाटे गाईच्या कुशीला हात लावून बघा. हरणांनाही तेच लागू असणार.

पशुवैद्य_विदर्भ | १७ डिसेंबर, दुपारी ४.००
शंभर टक्के. आणि चितळाच्या पाठीला पहाटेचं दव लागत असेल, तर वर छप्पर हवं. त्यांना कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी जास्त बाधते.

सर्पमित्र_बारामती | १७ डिसेंबर, रात्री ९.००
सापांसाठी बल्ब लावतात, त्याबद्दल एक लिहितो, कारण मी स्वतः चूक होताना पाहिलीय. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव सांगत नाही) सोडवून आणलेल्या सापांची देखभाल करायला जायचो. थंडी वाढली म्हणून कुणीतरी पेटीत बल्ब खाली लोंबता सोडला. रात्री धामण वर चढली आणि बल्बला बिलगून राहिली. अंग भाजतंय हे सापाला वेळेवर उमगत नाही. सकाळी पाठीवर वितभर चट्टा होता, खवले तपकिरी होऊन उचललेले. कात टाकायच्या वेळी ती तिथे अडकायची, मी कोमट पाण्यात कापड भिजवून सोडवायचो. चार वेळा कात टाकल्यावर ती बरी झाली. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी बल्बला जाळी आहे का ते बघतो, आणि आत थर्मामीटर आहे का ते.

वाळलेली पानं, माठाचे खापर, लाकडाचा ओंडका, एवढं दिलं तरी आपल्या पुणे भागातले बहुतेक साप थंडी नीट काढतात.

आणि सगळे साप थंडीत गप्प पडतात हा गैरसमज आहे. घोणशीचा मिलनाचा काळ याच दिवसांत येतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत शेतात, विहिरीच्या कडेला ती जास्त दिसते. सकाळी उन्हाला येऊन बसते. पाचटात हात घालताना जपा.

उसाच्या_फडात | १७ डिसेंबर, रात्री १०.१५
पाचटावरून आमच्याकडची थंडी आठवली. मी जुन्नरचा. आमच्याकडे थंडी म्हणजे ऊसतोड, आणि ऊसतोड म्हणजे बिबट्याची पिल्लं. मादी उसातच विते, तिला तेच जंगल वाटतं. कोयता फिरत फिरत आत पोहोचतो आणि पाचटात दोन-तीन डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात.

मागच्या थंडीत आमच्याच फडात दोन सापडली. मांजराएवढी, अंगावरचे ठिपके अजून एकमेकांत मिसळलेले. तोडणाऱ्या बाईंनी आपली शाल काढून वर टाकली. वन विभागाची माणसं आली, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर आले. तपासलं आणि संध्याकाळी जिथे सापडली तिथेच प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली. क्रेट अशी आडवी लावतात की मादीला ती सहज पाडता येईल. पिल्लांना आईशिवाय रात्री गारठा सोसत नाही, म्हणून उशीर करून चालत नाही. आम्हाला सगळ्यांना लांब पाठवलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातलं दाखवलं. रात्री मादी आली, क्रेट पंजानं कलंडली, एकाला मानेला धरून नेलं आणि थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत आली. आमची आजी ते बघून रडली.

हिरवी_वाट | १८ डिसेंबर, सकाळी ८.४०
हे वाचून भरून आलं. पण मग प्रश्न असा की प्राणी पिंजऱ्यात ठेवायचेच कशाला? सगळी प्राणिसंग्रहालयं बंद करा असं माझं मत आहे. पेंढा घाला नाहीतर हीटर लावा, कैद ती कैदच.

उसाच्या_फडात | १८ डिसेंबर, सकाळी ९.३०
ताई, माणिकडोहला काही बिबटे आहेत, त्यांचा पाय सापळ्यात गेलाय, कुणाला एक डोळा नाही. ते बाहेर जगू शकत नाहीत. त्यांना कुठे सोडायचं? बंद करा म्हणण्याआधी एकदा या आणि बघा. मी घेऊन जाईन.

हिरवी_वाट | १८ डिसेंबर, सकाळी ९.५५
येईन दादा. नक्की. जखमी प्राण्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, धडधाकट प्राणी आणून कोंडण्याबद्दल आहे. ते मत कायम ठेवते.

राणीबाग_शेजारी | १८ डिसेंबर, सकाळी ११.१०
मुंबईत थंडी कुठली, पण आमच्या भायखळ्याच्या राणीबागेत बाराही महिने थंडी असते, हम्बोल्ट पेंग्विनच्या खोलीत! २०१६ मध्ये सोलहून आणले. आत १६ ते १८ अंश ठेवतात. हे पेंग्विन बर्फातले नाहीत. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, म्हणून तेवढा गारवा पुरतो. डिसेंबरात गेलात तर काचेसमोर उभं राहून हात चोळणारी मंडळी बघायला मिळतील. मुंबईकरांना तेवढीच थंडी.

स्कॉटलंडची_सून | १८ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०
पारिजात, तुझ्या लेकीच्या अस्वलाच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी सांगलीची, लग्नानंतर इन्व्हर्नेसला आले. आमच्यापासून तासाभरावर किनक्रेगला हायलँड वाइल्डलाइफ पार्क आहे, १९७२ पासूनचं. चहूकडे केर्नगॉर्मचे डोंगर, आणि थंडीत सगळं पांढरं. तिथे ध्रुवीय अस्वलं आहेत. पहिल्यांदा जानेवारीत गेले तेव्हा मीही हेच विचारलं, ही झोपत नाहीत का? तिथल्या बाई म्हणाल्या, नर झोपत नाही, बर्फ म्हणजे त्याचा सणच. थंडीत आत जाते ती फक्त गाभण मादी.

२०१७ च्या थंडीत तिथली व्हिक्टोरिया नावाची मादी पेंढा घातलेल्या बंद गुहेत गेली ती गेलीच. आसपासचा भाग लोकांना बंद केला. कुणी आत डोकावायचं नाही, साफसफाई नाही, काही नाही. नाताळच्या तोंडावर आतून बारीक किंकाळ्यांसारखा आवाज ऐकू आला, तेव्हा कळलं की पिल्लू झालंय. ते बाहेर दिसलं ते थेट मार्चमध्ये. ब्रिटनमध्ये २५ वर्षांत जन्मलेलं ध्रुवीय अस्वलाचं ते पहिलं पिल्लू, हॅमिश. तेवढे महिने तिला एकटं सोडणं हेच रखवालदारांचं काम होतं. वर डॉक्टरांनी अजगराबद्दल लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं.

तिथे सायबेरियाकडचे वाघ बर्फात लोळतात. आपल्याच वाघाची जात, पण अंगावर केवढी लोकर! मला तर तो वाघ गोधडी पांघरून आल्यासारखा वाटतो.

पशुवैद्य_विदर्भ | १८ डिसेंबर, रात्री ८.१०
वहिनी, फार छान सांगितलंत. आता आपल्या अस्वलाचं जोडतो.

कात्रजला आहे ते आपलं काळं, लांब केसांचं, छातीवर पांढरी खूण असलेलं अस्वल. ते थंडीभर झोपत नाही, कारण त्याला गरज नाही. दीर्घ झोप ही थंडीसाठी नसते, अन्न संपतं त्यासाठी असते. हिमालयातल्या उंचावर बर्फ पडलं की काळ्या अस्वलाला काही मिळत नाही, म्हणून ते झोपतं. आपल्याकडे वाळवी आणि मुंग्या बारा महिने. डिसेंबरात बोरं पिकायला लागतात, मग मोहाची फुलं येतात. झोपून कसं चालेल?

पण गाभण मादी मात्र इथेही थंडीतच गुहेत जाते. पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. त्यानंतर काही आठवडे ती बाहेर फारशी येत नाही, खातही नाही. पुढे पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. तिचे पाठीवरचे लांब केस ही त्यांची मूठ धरायची जागा. तेव्हा बर्फातलं पांढरं अस्वल आणि विदर्भातलं काळं, दोघींची थंडी सारखीच जाते. दोघीही आत, अंधारात, उपाशी, पिल्लांजवळ.

तळवा चोखणं आणि तो भुंग्यासारखा आवाज ही त्यांची विसाव्याची सवय. लेकीनं खूप बारकाईनं पाहिलंय.

डोंगरवेडा | १८ डिसेंबर, रात्री ८.४५
दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जानेवारीत गेलो होतो. सात हजार फुटांवर आहे, १९५८ सालचं. तिथे हिमबिबट्याची पैदास १९८३ पासून करतात. मला लाल पांडा आवडला. फांदीवर गोल होऊन, झुपकेदार शेपूट तोंडावर ओढून झोपलेला. स्वतःचं पांघरूण स्वतःबरोबर.

आणि आपली थंडी म्हणजे दुसऱ्यांची ऊबही आहे बरं का. भिगवणला आत्ता जा, हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब पक्षी उन्हात बसलेले दिसतील.

नुसताच_वाचक | १९ डिसेंबर, सकाळी १०.००
एक सांगायचं राहिलं. थंडी वाजत असेल म्हणून काही लोक अस्वलाला शेंगदाणे, गूळ टाकतात. कृपया टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, ओरडणं हा गुन्हा आहे. त्यांचं थंडीतलं खाणं ठरवून दिलेलं असतं.

जुना_पेशवेपार्क | १९ डिसेंबर, दुपारी १२.१५
पारिजात, बेटा, एक सुचवतो. पुढच्या वेळी सकाळी लवकर नको, अकरा-साडेअकराला जा. ऊन आत उतरलं की सगळं बदलतं. मगर तेव्हा काठावर जबडा उघडा टाकून पडलेली असते. अंग तापतं आणि डोक्यातली जास्तीची उष्णता तोंडावाटे जाते.

पारिजात | ७ जानेवारी, रात्री ९.२०
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं लेकीला वाचून दाखवली. दोघींची थंडी सारखीच, हे वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं.

काल काकांचं ऐकून साडेअकराला गेलो. अस्वल उभं होतं! पुढच्या नख्यांनी माती उकरत होतं, मग भोकाला तोंड लावून फूऽ करून धूळ उडवायचं आणि जोरात ओढून घ्यायचं. आवाज आमच्यापर्यंत येत होता. लेक म्हणाली, "वाळवी पितंय."

अजगर सैल पडला होता, उन्हाचा पट्टा येतो तिथे अंग लांब केलेलं. या वेळी आम्ही थांबलो. बराच वेळ काही नाही. मग लेकीनं माझा हात दाबला. अंगावरचे तपकिरी ठिपके किंचित वर येत होते आणि खाली जात होते. श्वास. तिनं माझ्या घड्याळावर मोजले, पण मध्येच हसू आल्यामुळे आकडा चुकला. त्याच मावशी भेटल्या. त्यांना सांगितलं, आता आम्हाला माहीत आहे तो का खात नाही ते. त्या म्हणाल्या, "मग सांगा की सगळ्यांना, रोज कोणीतरी मलाच ओरडतंय."

सर्पमित्र_बारामती | ७ जानेवारी, रात्री ९.४५
मावशींना माझा नमस्कार सांगा. आणि लेकीला हेही सांगा की अजगराचं मिलन थंडीत होतं आणि अंडी उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मग मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवते आणि स्वतः ऊब तयार करते. सापांमध्ये हे फार थोड्यांना जमतं.

पारिजात | ७ जानेवारी, रात्री ९.५०
थंडी वाजल्यासारखी थरथरून ऊब देते? हे ऐकून ती आत्ता अंथरुणातून उठून आली आहे. मार्चमध्ये परत जातो. मोराचाही पिसारा आलेला असेल. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवायचं.